पावागड आणि चांपानेर एका दिवसात: क्रम कसा लावायचा

बडोद्यात पाहुणे आले की दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेला असतो, "उद्या पावागड करून येऊ." मग उद्या उजाडतो तो निवांत. साडेनऊला दुसरा चहा, साडेदहाला सगळे गाडीत, बाराच्या सुमारास डोंगराच्या मधल्या टप्प्यावरची माची, आणि तिथून पुढे रोपवेच्या रांगेत उभं राहून एकमेकांवर चिडणं. तीनला कालिकामातेचं दर्शन होतं, पाचला मंडळी खाली येतात, आणि डोंगराखालचं जुनं शहर चांपानेर गाडीच्या काचेतूनच उरकतं. जागतिक वारसा म्हणून २००४ साली यादीत आलेली जागा पन्नास किलोमीटरवर आहे, आणि शहरातल्या निम्म्या लोकांनी तिची फक्त मिनारांची टोकं पाहिलीत.

यात आळसाचा वाटा थोडा, क्रमाच्या चुकीचा जास्त. डोंगर सकाळी, चांपानेर दुपारनंतर आणि वाव (पायऱ्यांची विहीर) परतीच्या वाटेवर, असा दिवस लावला तर धावपळ न करता सगळं बसतं. उलटं केलं की उन्हाचा आणि रांगेचा मार एकाच वेळी बसतो. खाली टप्प्याटप्प्यानं दिलंय. माहात्म्य आणि इतिहास इथे मुद्दाम सोडलाय, तो तुम्हाला इतरत्र भरपूर मिळेल.

## १. आधी दिवस निवडा

सगळ्यात मोठी चूक घरात, कॅलेंडरसमोरच होते. आपली मराठी घरं हमखास गुढीपाडव्याची सुट्टी साधून निघतात. पाडवा म्हणजे चैत्री नवरात्राची पहिली माळ, हे गाडी वाटेतल्या हालोलला अडकल्यावर लक्षात येतं. चैत्रातले ते नऊ दिवस आणि चैत्री पूनम, अश्विनातलं नवरात्र, एरवीच्या पूनमा, आणि कुठलाही रविवार: हे सगळे दिवस दर्शनाला निघणाऱ्यांचे आहेत. गर्दीसकट दर्शन घ्यायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी चांपानेर पाहण्याचा बेत जोडू नका.

दिवाळीचं आणखी एक आहे. महाराष्ट्रातले नातेवाईक नेमके त्याच सुट्टीत येतात. दिवाळीच्या पाडव्याला इथे नवीन वर्ष लागतं आणि तिथपासून लाभपंचमीपर्यंत अर्धा गुजरात घराबाहेर पडलेला असतो. पाहुण्यांना लाभपंचमीनंतरच्या आठवड्यात बोलावता आलं तर उत्तम. नाही जमलं तर त्यांना शहरातली कमाटीबाग आणि लक्ष्मीविलास राजवाडा दाखवा, पावागड पुढच्या वेळी.

चांगला काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि वार मंगळवार ते गुरुवारपैकी एखादा. मार्चनंतर वरचा दगड इतका तापतो की दहाच्या आत दर्शन उरकून सावली गाठायला हवी. पावसाळ्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय, कारण त्याचे नियमच निराळे.

निघण्याच्या आदल्या दिवशी तपासा: रोपवे चालू आहे ना? देखभालीसाठी तो अधूनमधून काही दिवस बंद ठेवतात आणि तशी बातमी स्थानिक वर्तमानपत्रात येते. जोराचा वारा सुटला तर चालू दिवशीही थांबवतात. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर हे तपासल्याशिवाय निघूच नका.

## २. मंडळींचे दोन गट करा

सगळ्यांनी एकत्रच राहायचं, हा हट्ट पावागडावर महागात पडतो. घरीच ठरवा की पायऱ्यांनी कोण जाणार आणि रोपवेनं कोण.

माचीपासून मंदिरापर्यंत पूर्ण पायऱ्यांची वाट आहे. चालायची सवय असलेला माणूस ती आरामात चढतो. घरात बसून काम करणारा थांबत थांबत दीड-दोन तासांत पोचतो. लहान मुलं वर जाताना पळतात आणि अर्ध्या वाटेवर "कडेवर घे" म्हणतात, तेव्हा पाच-सहा वर्षांखालच्यांना रोपवेच्या गटात टाका.

आता ज्येष्ठांचं. रोपवे मंदिराच्या दारात सोडत नाही. वरच्या स्थानकापासून पुढेही पायऱ्या आहेत आणि त्या दहा-वीस नाहीत, शेकड्यांत आहेत. "आत्या, तुला काही चढायचं नाहीये, रोपवे आहे" असं सांगून कुणाला आणू नका. वर पोचल्यावर ती बिचारी मान वर करून बघते आणि मग कुणाशीच बोलत नाही. खरं काय ते आधी सांगा. ज्यांना या शेवटच्या पायऱ्याही झेपणार नाहीत त्यांनी वरच्या स्थानकाजवळ सावलीत बसावं आणि तिथूनच हात जोडावेत. सोबत एका धडधाकट माणसाला थांबवा.

गुडघ्यांबद्दल लोकांचा हिशेब उलटा असतो. चढताना दम लागतो, पण गुडघा बोलतो तो उतरताना. एकाच बाजूचा रोपवे परवडणार असेल किंवा एकाच रांगेत उभं राहायची तयारी असेल, तर चढा पायी आणि उतरा रोपवेनं. बहुतेक जण नेमकं याच्या विरुद्ध करतात. एकेरी तिकीट हवं असेल तर तसं खिडकीवर आधी सांगा. काही न बोलता पैसे पुढे केले तर दोन्ही बाजूंचं तिकीट हातात पडण्याची शक्यता जास्त.

सावधान: हृदयविकार, दमा किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी "देवी नेईल वर" या भरवशावर पायऱ्या चढू नयेत. माचीच्या वर डॉक्टरपर्यंत पोचायला लागणारा वेळ हा उतरायला लागणाऱ्या वेळाइतकाच असतो.

## ३. पिशवीत काय आणि काय नाही

माणशी एक लिटर पाणी, टोपी, आणि जाड सुती मोजे. मोजे कशाला, असं सगळेच विचारतात. मंदिराच्या आवारात चपला काढाव्या लागतात आणि अकरानंतर फरशी अशी तापलेली असते की माणसं टाचांवर, बोटांवर उड्या मारत रांगेत पुढे सरकतात. मोजे घातलेला माणूस तेवढा शांतपणे उभा राहतो.

पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. स्लिपर घालून चढता येतं, पण उतरताना त्या पुढे सटकतात. काठाची साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, फक्त ती घोट्याच्या वर राहील अशी.

खाणं घरून न्या: ठेपले, दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी, लीलो चेवडो. दही-भात आणि श्रीखंड राहू दे. खाण्याची पिशवी चेनची हवी, कारण वाटेवर वानरं आहेत आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखता येतो. हातात उघडा प्रसाद किंवा केळी धरून चाललात तर तो प्रसाद तुमचा राहणार नाही.

ओटीचं सामान नेणाऱ्या बायकांसाठी एक खास गोष्ट. खण, हळद-कुंकू, तांदूळ चालतं, पण नारळ सोललेला नेऊ नका. २०२३ मध्ये सोललेला नारळ वर नेण्यावर बंदी आली, तेव्हापासून अख्खा, न सोललेला नारळ देवीसमोर धरून परत घरी आणायचा अशी पद्धत पडलीये. घरून निघताना हौसेनं नारळ सोलून शेंडी ठेवून नेण्याची आपली सवय इथे अडते. वर फोडायला मिळेल का, किती जवळून ओटी भरू देतील, हे गर्दीवर आणि त्या दिवशीच्या व्यवस्थेवर असतं. माचीवर पूजासामानाच्या दुकानात विचारलंत की खरं काय ते कळतं. आपल्याला विकायचंच असतं त्यांना, पण अडवला जाणारा नारळ ते सहसा देत नाहीत, कारण गिऱ्हाईक परत उतरून भांडायला येतं.

## ४. बडोद्याहून निघताना

सहाला घर सोडा. म्हणजे सहाला गाडी चालू, उठायचं त्याआधी. थंडीत अंधार असतो, तरी निघा.

गाडीनं जाणाऱ्यांनी अमितनगर सर्कलकडून गोल्डन चोकडी ओलांडून हालोलचा रस्ता धरायचा. जरोद, मग हालोल, आणि हालोलपासून पुढे सुमारे सात किलोमीटरवर चांपानेर. सकाळी साधारण सव्वा तास पुरतो. पेट्रोल, एटीएम, औषधाचं दुकान, स्वच्छ बाथरूम यांपैकी जे हवं ते हालोलला उरका. पुढे पर्याय कमी होत जातात.

नवरात्राच्या दिवसांत याच रस्त्यावर बडोद्याहून रात्रभर चालत निघालेले पदयात्री असतात. डावीकडची कड त्यांची असं समजून पहाटे गाडी हळू चालवा.

एसटीनं जायचं तर बडोदे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती बस स्टँडवरून पावागडच्या बस सुटतात. थेट बस चुकली तर हालोलपर्यंत जा, तिथून पुढे सोय होते. बस तळेटीला, म्हणजे चांपानेर गावात सोडते. डोंगरावर जाणारी बस वेगळी.

दोन फसवे पत्ते: "चांपानेर रोड" नावाचं रेल्वे स्टेशन बडोदे–गोध्रा मार्गावर आहे. नाव वाचून तिथे उतरू नका, ते डोंगरापासून फार लांब आहे आणि तिथून तळेटीला जायची धड सोय नाही. दुसरं, मोबाईलच्या नकाशात नुसतं "पावागड" टाकल्यावर कधी कधी कर्नाटकातलं पावगडा पहिलं येतं. पुण्याहून थेट येणाऱ्या नातेवाइकांना "चांपानेर, जिल्हा पंचमहाल" असंच लिहून पाठवा.

## ५. तळेटी ते माची

सकाळी चांपानेरच्या तटाच्या आत गाडी शिरली की डावी-उजवीकडे जुने दगड खुणावतात. थांबायचं नाही. "येताना बघू" हे वाक्य इतर ठिकाणी थापेचं असतं, इथे तोच बेत आहे.

साध्या दिवशी खासगी गाडी घाटरस्त्यानं थेट माचीपर्यंत जाते. गर्दीच्या दिवसांत, विशेषतः नवरात्रात, खासगी गाड्या तळेटीलाच अडवतात आणि वर एसटीच्या फेऱ्या चालतात. अडवलं तर पोलिसांशी वाद घालत बसू नका. गाडी अधिकृत पार्किंगमध्ये लावा, पावती खिशात ठेवा, बसमध्ये चढा.

पायी तळेटीपासून चढायची हौस असलेल्यांसाठी जुनी फरसबंद वाट आहे. अटक दरवाजा, बुढिया दरवाजा, मग कातळ फोडून काढलेला सदनशाह दरवाजा, असं करत ती माचीवर येते. किल्ले हिंडणाऱ्या आपल्या मंडळींना हीच वाट आवडते. पण या वाटेनं येणाऱ्यांनी पाचला घर सोडायला हवं आणि बरोबर लहान मुलं किंवा आजी-आजोबा नसावेत. ही वाट आणि लहानथोरांची सहल एकाच दिवशी जुळवू पाहणारा गट डोंगरावर आणि चांपानेरला, दोन्हीकडे उशिरा पोचतो.

घाटरस्त्यानं गाडी नेताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढा. नवशिक्यानं इथे हात साफ करू नये: वळणं अरुंद आणि समोरून येणारी बस मोठी.

माचीवर तपासा: गाडीचा नंबर आणि पार्किंगची जागा याचा फोटो काढलात? परतताना सगळ्या पांढऱ्या गाड्या सारख्या दिसतात.

## ६. माचीवर पोचल्यापोचल्या

वेळ साडेसात ते आठ. सगळ्यांना चहा हवा असतो आणि इथेच तासभर जातो. एकानं रोपवेच्या तिकिटाच्या खिडकीकडे जायचं, बाकीच्यांनी चहा घ्यायचा. रांग दहा माणसांची असताना केलेला पंधरा मिनिटांचा उशीर, रांग शंभराची झाल्यावर दीड तासाचा होतो.

रांगेचं गणित समजून घ्या. इथे दोन रांगा असतात, एक तिकिटाची आणि दुसरी केबिनमध्ये बसायची. तिकीट मिळालं म्हणजे झालं असं मानून माणसं फोटो काढत राहतात आणि दुसरी रांग वाढत जाते.

आता भेटायची जागा. पायऱ्यांचा गट आणि रोपवेचा गट वर कुठे भेटणार, हे माचीवरच नक्की करा. "वर पोचलो की फोन करतो" यावर विसंबू नका, गर्दीत फोन लागत नाही आणि लागला तर ऐकू येत नाही. मंदिराच्या शेवटच्या चढाआधी दुधिया तलाव आहे. त्याच्या काठावरची एखादी ठळक जागा ठरवा आणि वेळही ठरवा. ठरल्या वेळी एक गट आला नाही तर दुसऱ्यानं किती थांबायचं, तेही.

पायऱ्यांच्या गटाला एकच सांगणं: पहिल्या शंभर पायऱ्या मुद्दाम सावकाश चढा. सकाळच्या गारव्यात पाय पळतात आणि वीस मिनिटांत दम संपतो. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, बसायला जागा मिळते, लिंबूपाणी मिळतं. चुनरी-फुलं अगदी खाली घेऊन वरपर्यंत वागवायची गरज नाही, वरच्या टप्प्यातही मिळतात, थोडी महाग.

## ७. मंदिर

जून २०२२ मध्ये मंदिराचं नवं बांधकाम खुलं झालं. आवार मोठं झालं, येण्या-जाण्याची रचना बदलली. त्याआधी जाऊन आलेल्या काका-मामांचे सल्ले ("मागच्या बाजूनं लवकर होतं रे!") आता चालत नाहीत. बॅरिकेड सांगतील तसं जा.

चपला शेवटच्या चढाच्या आधीच्या दुकानात ठेवायच्या की वरच्या स्टँडवर, याचा निर्णय दगड किती तापलाय ते पाहून घ्या. सकाळी आठ-साडेआठला कुठेही चालेल. उन्हात वरपर्यंत घालून जा.

दर्शन काही क्षणांचं असतं. गाभाऱ्यासमोर पिशवी उघडून ओटीचं सामान शोधू नका, मागचे ढकलतात आणि सेवेकरी पुढे व्हा म्हणतात. खण, तांदूळ, नारळ एका ताटलीत किंवा ओच्यात आधीच काढून ठेवा.

बाहेर आल्यावर कठड्याशी थांबा. स्वच्छ हवा असेल तर खाली वडा तलाव, चांपानेरचा तट आणि जामा मशिदीचे दोन मिनार ओळखू येतात. दुपारनंतर आपल्याला कुठे जायचंय ते इथून नकाशासारखं दिसतं, आणि खाली गेल्यावर ते उपयोगी पडतं.

घड्याळ बघा: दहाच्या आत दर्शन झालं असेल तर पुढचा टप्पा करा. साडेअकरा वाजून गेले असतील तर तो सोडून सरळ उतरा.

## ८. मौलिया पठार: सगळे जण सोडतात तो भाग

मंदिरातून उतरून रोपवेच्या स्थानकाकडे जाताना शंभरातले नव्वद जण नाकासमोर चालतात. बाजूला मौलियाचं सपाट पठार आहे. तिथे छाशिया तलावाच्या काठाशी लकुलीशाचं (शिवाचा अवतार मानतात त्याचं) मंदिर उभं आहे, पडझड झालेलं, दहाव्या-अकराव्या शतकातलं, डोंगरावरचं सगळ्यात जुनं. ना रांग, ना दुकान. भिंतीवरच्या मूर्ती हाताच्या अंतरावर आहेत, म्हणून हात लावू नका. दुधिया तलावाच्या आसपास जैन मंदिरांचे समूह आहेत, तेही बघता येतात.

पठाराच्या कडेला नवलखा कोठार आहे. जुनं धान्याचं कोठार, घुमट असलेलं, आणि पलीकडे सरळ दरी. चालायला थोडं लांब पडतं, पण वाट बरीचशी सपाट आहे. आठ-दहा वर्षांवरची मुलं बरोबर असतील तर हा टप्पा त्यांना मंदिरापेक्षा जास्त लक्षात राहतो, असं माझं मत.

सावधान: कोठाराकडच्या कड्याला कठडा नाही. सेल्फीसाठी पाठमोरं मागे सरकू नका. एकट्यानं जाऊ नका, आणि धुकं असेल तर अजिबात नको, पठारावर वाट हरवणं सोपं आहे.

## ९. उतरणं आणि जेवण

साडेअकरा-बाराला उतरायला लागा. दुपारी चारनंतर रोपवेची परतीची रांग सकाळपेक्षा लांब होते, कारण सकाळी वेगवेगळ्या वेळी चढलेले सगळे एकदमच परत निघतात. तुम्ही तिच्या बरेच आधी खाली असाल.

जेवण माचीवर नको. उन्हात, गर्दीत, वानरांच्या पंगतीत बसून डबा खाण्यात मजा नाही. गाडीनं उतरताना घाटाजवळ सात कमान आहे, ओळीनं उभ्या दगडी कमानी. गाडी वळणावर नव्हे तर रुंद जागी लावून बघून या, दहा मिनिटं पुरतात. डबा मात्र तळेटीला येऊन सावलीत उघडा. हालोलच्या बाजूला विरासत वन आहे. झाडं चांगली वाढलीत, आजी-आजोबांना पाठ टेकता येते आणि मुलांना मोकळं सोडता येतं. तासभर विश्रांती घ्याच. ती वगळून थेट चांपानेरला जाणाऱ्यांचा गट मशिदीच्या पहिल्याच पायरीवर बसकण मारतो.

## १०. चांपानेर: आधी काय, मग काय

अडीच-तीनला सुरू करा. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हाताशी तीन तास आहेत. वास्तू पुष्कळ आहेत आणि सगळ्या बघायला निघालात तर एकही बघून होत नाही. मी पाहुण्यांना चारच दाखवतो.

पहिली जामा मशीद. शाही तटाच्या पूर्व दरवाजाबाहेर आहे. तिकीट घ्या (आता मोबाईलवरूनही काढता येतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही) आणि ते जपून ठेवा, पुढच्या वास्तूंवर दाखवावं लागतं. आत शिरल्यावर लोक अंगणात उभं राहून दोन मिनारांचा फोटो घेतात आणि वळतात. मिनार तीस मीटर उंच आहेत, फोटो घ्या, पण मशिदीचा दर्शनी भाग पूर्वेला तोंड करून असल्यामुळे तिसऱ्या प्रहरी तो सावलीत असतो. फोटोवाल्यांनी इथे मन मोठं करावं, सकाळी आपण डोंगर निवडलाय.

खरी गंमत आत आहे. एकशे बहात्तर खांबांमधून सावकाश चालत मधल्या घुमटाखाली या आणि मान वर करा. मधला भाग मजल्यावर मजला चढत जातो, वरच्या सज्जांच्या जाळ्यांतून उजेड गाळून खाली येतो. मग बाजूच्या छोट्या घुमटांखाली एकेक करून उभे राहा. छतावरचं कोरीवकाम इथे एक, तर पुढे निराळंच. मुलांना "दोन सारखी छतं शोधून दाखवा" असं सांगा, अर्धा तास शांततेत जातो. बाहेर उत्तरेला अष्टकोनी कुंड आहे, ते बघायला विसरू नका.

दुसरी केवडा मशीद. जामा मशिदीपासून उत्तरेकडे आत, शेताच्या वाटेनं. तिच्यापुढे नगिना मशीद आहे, ती फक्त चालायची ताकद उरलेल्यांनी करावी. या बाजूला रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी आत घालू नका, वळवायला जागा मिळत नाही. झुडपं वाढलेली असतील तर पाय टाकण्याआधी खाली बघा. साप असतात आणि ते तुमच्याइतकेच शांततेसाठी तिथे आलेले असतात.

तिसरी शहर की मशीद, शाही तटाच्या आत. आकारानं लहान, नीट राखलेली, गर्दी नाही. आजी-आजोबांना चांपानेरातली एकच वास्तू दाखवायची तर हीच, गाडी जवळ जाते आणि चालणं कमी.

लक्षात ठेवा: मशिदी, मंदिरं, सगळीकडे भिंतींवर नावं कोरलेली दिसतील. तुमच्या मुलांनी त्यात भर घातली तर ती नुसती खोडी नसते, संरक्षित वास्तूची नासधूस हा गुन्हा आहे.

वेळ संपत आली तर काय गाळायचं: आधी नगिना, मग केवडा. जामा मशीद आणि खाली सांगितलेली वाव गाळू नका.

## ११. परतीच्या वाटेवर वाव

चौथी जागा म्हणजे गोल जिन्याची वाव. चांपानेरातून बडोद्याच्या दिशेनं निघाल्यावर मुख्य रस्त्याजवळच आहे, म्हणूनच ती शेवटी ठेवली. सकाळी येताना वेगात असता, दिसत नाही. परतताना गाडी हळू ठेवा आणि एकाला पाटी बघायला बसवा.

गुजरातेतल्या बहुतेक वावा लांबलचक असतात, सरळ उतरत जाणाऱ्या. ही विहीर गोल आहे आणि जिना तिच्या आतल्या भिंतीला चिकटून सापासारखा फिरत खाली जातो. जिन्याची रुंदी जेमतेम सव्वा मीटर. काठावरून वाकून पाहिलं तरी रचना पूर्ण कळते, उतरायलाच हवं असं नाही. फाटक बंद असेल किंवा पाणी वर आलेलं असेल तर वरूनच बघा. लहान मुलाचा हात सोडू नका. संध्याकाळी साडेपाचच्या आत इथे या, आत उजेड लवकर मावळतो.

वडा तलावावर जायचं असेल तर ते वावेच्या आधी, चांपानेरातूनच उरकून या. तलाव विरुद्ध बाजूला आहे. वाव बघून परत उलटं फिरणारे रात्री नऊला घरी पोचतात.

## १२. पावसाळ्यात जाणार असाल तर

जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवागार असतो, ढग माचीपर्यंत उतरतात, आणि बडोद्याची तरुण मंडळी याच दिवसांत निघते. त्यांच्यासाठी नियम वेगळे:

रोपवे मिळेलच असं धरू नका, वारा वाढला की थांबतो. वर असताना थांबला तर पायऱ्यांनी उतरायची तयारी हवी, म्हणून ज्येष्ठांना या दिवसांत नेऊच नका. मौलिया पठार आणि कोठार पूर्ण गाळा, शेवाळलेल्या दगडावर बुटाचीही पकड राहत नाही. घाटरस्त्यावर दगड-माती येते, तेव्हा जोराच्या पावसात गाडी तळेटीलाच ठेवा. कमानीखाली किंवा जुन्या भिंतीला टेकून पावसापासून आसरा घेऊ नका.

शिवाय विश्वामित्री याच डोंगरातून निघते आणि आपल्या शहरातून जाते. ऑगस्ट २०२४ मधला पूर सगळ्यांनी पाहिलाय. पावागडावर धो धो कोसळत असेल तर भिजायची मजा आटोपती घ्या आणि नदीकाठच्या सोसायटीत राहत असाल तर वेळेत घरी परता.

## १३. जांबुघोडा आणि हथनीमाता याच दिवशी नको

"इतकं लांब आलोच आहोत तर" म्हणून जेवणानंतर गाडी जांबुघोड्याकडे वळवणारे चांपानेर तर सोडतातच, जंगलात पोचेपर्यंत अंधारही करून घेतात. जांबुघोडा अभयारण्य पावागडच्या पुढे पूर्वेला आहे, त्यात बिबटे आणि अस्वलं आहेत, आणि झंड हनुमानाकडे जाणारा रस्ता रात्री चालवण्यासारखा नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा. सकाळी झंड हनुमान, दुपारी कडा धरण, उजेडात परत. वनखात्याच्या कॅम्पात राहायचं असेल तर आरक्षण आधी करा, आयत्या वेळी मिळत नाही.

हथनीमाता धबधबा घोघंब्याच्या बाजूला आहे आणि तो पावसावर चालतो. डिसेंबरात पाहुण्यांना तिथे नेलंत तर त्यांना फक्त कातळ दिसेल. चांगला पाऊस पडून गेल्यावरचा उघडीपीचा दिवस निवडा, रविवार टाळा, आणि धबधब्याखालच्या डोहात उतरू नका. गाडी लांब लावून थोडं चालावं लागतं, तेव्हा कपड्यांचा एक जास्तीचा जोड गाडीतच ठेवा.